रजेवर गेलेलं जंगल

आमचे साहेब जंगलात आरसा घेऊन फिरत. दाढीचा, हिरव्या प्लॅस्टिकच्या काठाचा, आठवडी बाजारात कुठेही मिळतो तसला आरसा. तो पोटाजवळ आडवा धरायचा, मान खाली घालायची आणि झाडांमधून संथ चालत राहायचं. मध्येच थांबून ओठ हलवायचे. समोर नाला आला, काट्यांची जाळी आली, एकदा तर रानडुक्कर आलं, पण मान वर केली नाही. डुक्करच बिचारं बाजूला झालं.

हा किस्सा मी आयुष्यात पुष्कळदा सांगितला आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितला, निरोपसमारंभात सांगितला. मला किस्से रंगवता येतात असं लोक म्हणतात आणि ऐकणारे हसले की मला अजूनही बरं वाटतं. पण हाच किस्सा मी एकदा जिथे सांगायला नको होता तिथे सांगितला, आणि तोही अर्धा. उरलेला अर्धा आज लिहितो आहे. आता लिहिलं नाही तर राहून जाईल.

चंद्रपूरला आमचं लहानसं कार्यालय होतं. उपग्रहाने वरून घेतलेल्या चित्रांवरून जमिनीचे नकाशे करायचे, एवढंच काम. ते चित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला एक नाव द्यायचं: दाट जंगल, विरळ जंगल, झुडपी, शेती, पडीक, पाणी. ही नावं वरून ठरून आलेली होती. त्यातलं ‘झुडपी’ हे आपल्या विदर्भाचं खास. जिला जंगल म्हणवत नाही आणि शेत म्हणता येत नाही अशी जमीन सरकारी कागदात झुडपी होते, आणि एकदा झाली की तिथे खरोखर काय उगवलं आहे ते बघायला सहसा कुणी जात नाही. साहेब जायचे.

ते चंद्रपूर जिल्ह्यातल्याच मूल गावचे. घरची भाताची शेती, वडिलांचा राइस मिलशी संबंध, आणि स्वतः कुठे कुठे शिकून आलेले. इंग्रजी उत्तम बोलत, पण चिडले किंवा खूश झाले की मूलची भाषा तोंडात येई. मी त्यांच्या हाताखालचा, म्हणजे कार्यालयात दोन नंबरचा. माझा डबा ते न विचारता उघडत, अर्धा संपवत, आणि वर सांगत, ‘वहिनीले सांग, वांग्यात तेल कमी टाकत जा.’ शिपायावर ते उगाच ओरडत. केलेल्या कामाचं कौतुक करणं त्यांना जमत नसे. ते देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही.

कुणी ‘पडीक’ हा शब्द उच्चारला की ते विचारायचे, ‘कोण पडून राह्यलं तिथी? नाव सांग.’  मग साहेब त्या नव्या पोरांना जीपमध्ये घालून ती जमीन दाखवायला नेत. तिथे हमखास कुणाच्या तरी शेळ्या चरत असत, कुणीतरी मोहाची फुलं वेचत असे. साहेब त्या पोरांची त्या माणसांशी ओळख करून देत, लग्नात व्याह्यांची करून देतात तशी, आणि परत येत.

झाडांना मिठी मारणं, हा दुसरा किस्सा. साहेब सागाजवळ जायचे, त्याला कवेत घ्यायचे, गाल खोडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. कोरपन्याच्या पलीकडे डोंगरात गोंडांचं एक गाव आहे, तिथली एक म्हातारी हे बघून माझ्याकडे आली. सगळं गाव तिला बाई म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. ती मला हळूच म्हणाली, ‘तुमचे साहेब झाडाले गळ्याशी धरून राह्यले जी. घरी बायको हाये का नाई थ्याईले?’ मी हे साहेबांना सांगितलं तर ते मिठी न सोडता म्हणाले, ‘हाये म्हणा. पण थे एवढी जाड नाई.’

आता उरलेला अर्धा. झाडात किती लाकूड आहे आणि त्या लाकडात किती कार्बन आहे हे काढायचं तर छातीच्या उंचीवर खोडाचा घेर लागतो. तो घेर टेपने मोजतात. आमच्या कार्यालयाची टेप मी गडचांदूरच्या एका खानावळीत विसरलो होतो. नवी मागवायची तर आधीची कुठे गेली ते लिहून द्यावं लागलं असतं. साहेब म्हणाले, राहू दे, आणि त्यांनी स्वतःचे हात मोजून घेतले. कवेत बोटं किती अंतरावर येतात त्यावरून ते घेर सांगू लागले. गाल खोडाला लागे तो हात पुरत नसत म्हणून. माझी चूक झाकण्यासाठी हा माणूस झाडांना मिठ्या मारत होता, आणि मी त्यावर लोकांना हसवत होतो.

आरशाचंही तसंच. त्यांनी आरशाच्या काचेवर बायकोच्या नेलपॉलिशने चौकोन आखले होते. किती चौकोनांत पानं दिसतात आणि किती चौकोनांत आभाळ, ते मोजत चालायचे. ओठ हलत ते त्यासाठी. जंगलाचं छत किती दाट आहे ते मान वर करून कळत नाही, मान अवघडते आणि नजर फसते. परदेशात यासाठी आरसा असलेलं महागडं यंत्र मिळतं. साहेबांनी ते दाढीच्या आरशावर भागवलं होतं.

एका किस्स्याला मात्र दुसरी बाजू नाही. नव्या चित्रात एखादा जंगलाचा तुकडा नाहीसा झालेला दिसला की साहेब उठायचे, कार्यालयामागच्या नळाखाली कपड्यांसकट बसायचे आणि अंघोळ करून ओलेच येऊन कामाला लागायचे. खुर्चीखाली पाण्याचं थारोळं व्हायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘घरात कोणी गेलं तं आंघोळ नाई करत का तू?’ हे वेड होतं. ते मी वेड म्हणूनच सांगतो.

मग ते मोठं काम आलं. जंगल तोडून शेत केलं, शेत खोदून खाण केली, तळं बुजवून वस्ती केली, म्हणजे जमिनीचा वापर बदलला, की झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन वायू होऊन हवेत जातो. अख्ख्या आशिया खंडातून असा किती वायू जातो याचा हिशेब परदेशात कुठेतरी मांडला जाणार होता. त्यासाठी देशोदेशीचे नकाशे गोळा होत होते आणि चंद्रपूर-गडचिरोली हे दोन जिल्हे आमच्या वाट्याला आले होते. साहेबांनी त्या दिवशी पेढे वाटले. ‘आशियाले मूलवाल्याची गरज पडली,’ म्हणाले, आणि शिपायालाही आपल्या हाताने पेढा भरवला.

घोटाळा झाला तो बाईच्या गावामागच्या डोंगरात. तिथे सागाखाली, धावड्याखाली दूरवर काटेरी बांबूची बेटं होती. त्याला तिथे कटंग म्हणतात. त्या वर्षी तो कटंग फुलला. बांबू फुलतो तो माणसाच्या आयुष्यात एखाद्याच वेळी, आणि फुलला की सगळाच्या सगळा एकदम मरतो. खाली भातासारखं बी पडतं. गावाने ते झाडून, पाखडून घरी नेलं, बाईने आम्हाला त्याचा भात करून घातला आणि साहेबांनी माझ्या ताटातलाही संपवला. आणि आम्हाला जे चित्र मिळालं ते नेमकं मार्च महिन्यातलं. साग-धावड्याची पानं गळून गेलेली, खाली मेलेला बांबू. तो सगळा पट्टा चित्रात वाळक्या गवताच्या रंगाचा आला.

संगणकाने त्याला नाव दिलं: झुडपी.

साहेबांना ते पटलं नाही. ‘न्हावी उठून गेल्यावर काढला फोटो, अन् म्हणते टकला हाये,’ असं ते त्या पडद्याकडे बघून पुटपुटत राहिले. दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, पडलेल्या बियाचं रान पुन्हा उगवेल, मग नाव देऊ, असं त्यांनी वर, नागपूरच्या कार्यालयाला, कळवलं. वरून उत्तर आलं की जगाचा हिशेब तुमच्या बांबूसाठी थांबणार नाही, सहा नावांतलं एक द्या. त्यावर साहेबांनी काय करावं? त्यांनी सातवं नाव तयार केलं आणि त्या पट्ट्याला देऊन नकाशा तसाच पुढे पाठवला. ते नाव होतं ‘रजेवर’.

मला त्यांनी समजावलं होतं. दुपारची वेळ होती, त्यांच्या हातात माझ्या डब्यातली पोळी होती. म्हणाले, ‘कर्मचारी रजेवर गेला तं त्याची जागा रिकामी धरता का तुम्ही लोक? खुर्ची त्याचीच राह्यते. हे जंगल रजेवर हाये. परत रुजू होईन. इथी झुडपी लिहिलं अन् उद्या कोणी हे तोडलं, तं आशियाच्या हिशेबात धूर निघनच नाई. जे झाड कागदावर नव्हतं त्याचा धूर कसा दाखवशीन तू?’

मला हे सगळं नीट समजलं होतं. पुढे जे झालं त्यात न समजल्याची सबब मला नाही.

आंतरराष्ट्रीय हिशेबात ‘रजेवर’ असा मराठी शब्द गेल्यावर वर गहजब झाला. चौकशीसाठी तीन जण आले आणि विश्रामगृहात बसले. साहेबांना त्यांनी सकाळी बोलावलं, मला दुपारी. चहा आला, बिस्किटं आली. वातावरण अगदी घरगुती होतं. त्यांच्यातले मुख्य म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं बरोबर काम करता आहात, माणूस म्हणून ते कसे आहेत ते सांगा.

मी आरशापासून सुरुवात केली. रानडुकराशी आलो तेव्हा ते तिघे हसत होते. मग मी मिठ्या सांगितल्या, बाईचा प्रश्न तिच्या आवाजात सांगितला. नळाखालची अंघोळ सांगितली. एकाने चष्मा काढून डोळे पुसले. मी खोटं काहीच बोललो नाही. नेलपॉलिशचे चौकोन तेवढे सांगितले नाहीत, टेप सांगितली नाही. साहेबांची खुर्ची माझ्याकडे येणार आहे हे मला ठाऊक होतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या क्षणी मला खुर्ची आठवत नव्हती. मोठी माणसं माझ्या बोलण्यावर हसत होती, एवढंच मला कळत होतं.

त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस फारसा हसला नव्हता. त्याने शेवटी विचारलं, ‘आणि हे रजेवर म्हणजे काय? यामागे काही कारण होतं का?’

मी म्हणालो, ‘त्यांची गंमत करायची सवय आहे.’

साहेबांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. तब्येतीचं कारण लिहिलं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं, आणि रजा संपायच्या आत त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. कार्यालयात तेव्हा एक विनोद फिरला की जंगल राहिलं बाजूला, साहेबच रजेवर गेले. तो विनोद मीच केला होता. खुर्ची मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी तो पट्टा पडद्यावर उघडला, ‘रजेवर’ काढलं, ‘झुडपी’ लिहिलं आणि नकाशा पाठवून दिला.

मी जर इथेच थांबलो तर वाचणाऱ्याला वाटेल की भीतीपोटी, घाईत एक चूक झाली. म्हणून पुढचं लिहितो.

मध्ये काही पावसाळे गेले. त्या डोंगराखाली चुनखडी होती, आणि तो पट्टा एका खाणीला द्यायचं घाटत होतं. झुडपी असल्यामुळे फारशी विचारपूस होणार नव्हती. त्याच सुमारास दुसऱ्या एका कामासाठी मी त्या गावावरून गेलो. बाईने मला ओळखलं आणि हाताला धरून रानात नेलं. बियापासून उगवलेला कटंग माझ्या छातीपर्यंत आला होता. कोवळा, पोपटी, जाळीसारखा दाट. वर सागाची पानं होती. उभं राहिलं की पलीकडचा माणूस दिसत नव्हता.

ती म्हणाली, ‘पाहा जी, आला ना परत. आरशावाल्या साहेबाले सांगा. अन् थे खाणवाले आल्ते, कागद घेऊन. म्हणे, इथी जंगलच नाई. मी म्हटलं, मग आमी इतके वर्सं कुठी राह्यत होतो रे बाबू?’

मी सांगतो म्हणालो. चंद्रपूरला परत आलो. झाडं अजून उभी होती, कुऱ्हाड लागायला अवकाश होता, आणि दुरुस्ती करण्याचा अधिकार आता माझाच होता. एक टिपण पुरेसं होतं. पण त्या टिपणात मला लिहावं लागलं असतं की आधीचं नाव बरोबर होतं. आणि ते बरोबर होतं तर मग त्या दुपारी विश्रामगृहात मी काय करत होतो, असं कुणीतरी विचारलं असतं. बहुधा कुणीही विचारलं नसतं. तरीही मी ते टिपण लिहिलं नाही. उद्या लिहू म्हणून ठेवलं. मग लिहिण्यासारखं काही उरलं नाही. साग ट्रकांवरून गेला, कटंग तिथेच पेटवला, आणि खाली पांढरी खाण उघडली.

तो आशियाचा हिशेब, नंतरच्या वर्षांची तोड आमच्या त्या जुन्या नकाशांवर मांडून, पुढे पुस्तक होऊन आला. गुळगुळीत कागद, सुंदर रंग. जिथे जंगलं जाऊन वायू सुटला तिथे लाल, जिथे काही बदललं नाही तिथे राखाडी. आपले दोन जिल्हे त्यात माझ्या नखाएवढे आहेत. मी भिंग लावून पाहिलं. तो डोंगर राखाडी आहे. बोर्निओ आहे, सुमात्रा आहे, लाल लाल. ते बघताना माझ्या मनात येतं की तिथेही प्रत्येक कार्यालयात कुणीतरी दोन नंबरचा असेल, आणि तो कुणाला काय म्हणाला असेल यावर रंग ठरले असतील.

गेल्या हिवाळ्यात मी मूलला गेलो. साहेब मुलीकडे राहतात. भाताचा हंगाम होता, गिरण्या चालू होत्या, साऱ्या गल्लीवर कोंड्याची धूळ होती. ते ओसरीवर खाटेवर बसले होते. वाळले होते, पण मला पाहताच चेहरा उजळला.

‘अरे, तू. ये, ये. डबा आणला का?’

मुलीने चहा ठेवला. मी सांगायला आलो होतो ते पाठ करून आलो होतो. विश्रामगृहात आरशाबद्दल, मिठ्यांबद्दल, अंघोळीबद्दल मीच सांगितलं, हे मी खाली बघत सांगितलं. ते हसले. म्हणाले, ‘चौकशीचा कागद वाचला तेव्हाच समजलं मले. बाईचं बोलणं तुझ्याशिवाय कोणाले माहीत होतं? पण त्यात खोटं काय हाये? पाह्यतच होतो ना मी आरशात. वेडा म्हटलं तं म्हटलं. माझी बायको मरेपर्यंत म्हणत होती. तू चहा घे.’

माझ्या अंगावरून केवढं ओझं उतरलं. मी चहा घेतला. तेव्हाच उठून निघालो असतो तर माफी घेऊन घरी आलो असतो.

मग त्यांनी, सहज गप्पांत विचारतात तसं, विचारलं, ‘ते रजेवर कोणं बदलवलं रे? नागपूरवाल्यांनी बदलवलं असन.’

हो म्हणता आलं असतं. त्यांना ते हवंही होतं, आवाजावरून कळत होतं.

‘मी बदललं साहेब,’ मी म्हणालो.

त्यांनी खाटेवरची कोंड्याची धूळ हाताने झटकली. मग म्हणाले, ‘तू लहान माणूस. तुले लिहा म्हटलं असन, तू लिहिलं.’ थोड्या वेळाने, ‘कटंग उगवला होता का पण? बियाचा?’

‘उगवला होता. छातीपर्यंत.’

त्यांचे डोळे चमकले. ‘मी म्हटलं होतं का नाई? कोणी सांगितलं तुले?’

‘मी बघितला.’

‘तोडल्यावर?’

‘नाही. आधी.’

समोरच्या गिरणीचा पट्टा एकसारखा फिरत होता. साहेबांनी हाताच्या बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि ते सोडून दिलं. माझ्या हातातला रिकामा कप त्यांनी घेतला, आपल्या कपात ठेवला, आणि दोन्ही कप खाटेखाली सरकवले. मुलीला हाक मारून त्यांनी सांगितलं की पाहुणे निघाले आहेत, त्यांना बसस्टँडचा रस्ता दाखव.

मी उठलो. वाकून पायाला हात लावायला गेलो तर त्यांनी पाय वर, खाटेवर घेतले.

‘या तुम्ही,’ ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला तुम्ही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.